मधला चौकोन

१

शुक्रवारी सकाळी आठ वाजता सभागृहाचं कुलूप उघडलं, तेव्हा लांब टेबलावर नुसतं पांढरं फडकं होतं, नीट घडी घालून ठेवलेलं. फडक्यात गुंडाळलेला चौकोन नव्हता.

चौकोन म्हणजे भरतकामाचा. दीड वर्ष सगळं गाव मिळून एक चादर भरत होतं. कागदोपत्री तिचं नाव 'नगरपट' असं भारदस्त होतं, पण लोक चादरच म्हणत. एकवीस चौकोन, आणि प्रत्येकात गावाचा एकेक तुकडा. बेकरीची भट्टी, लाँड्रीतल्या दोऱ्या, दवाखान्यातली रांग, शाळा सुटल्यावरचं फाटक, न्हाव्याच्या दुकानातला आरसा. दहा डावीकडे, दहा उजवीकडे, आणि मधे एक मोठा, बाजारचौकाचा. हा मधला चौकोन बाईंचा. गावात 'बाई' म्हटलं की भरतकामाच्या बाईच. निम्म्या गावाच्या हातात सुई त्यांनीच दिलेली. रविवारी चार वाजता चादर भिंतीवर चढायची होती, आणि आता तिच्या मधोमध दोन हात लांब, दोन हात रुंद भगदाड होतं.

रफूकाकूंना ही बातमी कळली तेव्हा त्या दुकानात एका कोटाच्या कोपरावर डोळे फोडत बसल्या होत्या. रफूचं काम करून चाळीस वर्षं झाली. उजव्या डोळ्यात धुकं दाटलेलं, डाव्यावर सगळा भार. महिनाअखेरीला दुकान बंद, हे ठरलेलं. "आई, बस झालं आता," असं मुलगी रोज फोनवर सांगत होती आणि काकूंनाही ते पटत होतं. त्यामुळे गावच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"मधे काहीतरी साधं कापड बसवून द्या," अध्यक्ष म्हणाले. "रविवारपर्यंत. तुमच्याशिवाय कोण करणार?"

हे शेवटचं वाक्य काकूंनी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि त्यानं त्यांचं भलं कधीच झालं नव्हतं. तरी पिशवी उचलून त्या निघाल्या.

सभागृहात अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. निवृत्त औषध दुकानदार, गळ्यात चष्म्याची दोरी. दाराशी स्टुलावर किल्लीमावशी बसल्या होत्या. झाडलोट, कुलूपकिल्ली, चहा, सगळं त्यांच्याकडे. सभागृहामागच्या एका खोलीत त्या बावीस वर्षं राहत होत्या. त्या खोलीतली ट्रंक अध्यक्षांनी सकाळीच उघडून पाहिली होती. सभागृहातली कपाटं, टेबलांखालची खोकी, माळा, काही सोडलं नव्हतं.

"काल सहाला कुलूप लागलं, आज आठला उघडलं," अध्यक्ष म्हणाले. "कुलूप शाबूत, किल्ली एकच, आणि ती यांच्या कमरेला. आता मी वेगळं काय समजायचं? उद्या दुपारी बारापर्यंत चौकोन आला नाही, तर किल्ली ठेवायची आणि खोली रिकामी करायची. समितीला मला उत्तर द्यायचंय."

 मावशींनी स्वेटर ओढून घेतला. वरचं बटण गेल्या महिन्यात लोंबत होतं, ते आता जागेवर होतं. मावशींची बटणं आजवर काकूच लावून द्यायच्या, कारण सुई हातात धरली की बोट आधी टोचतं, असं मावशी म्हणत.

"मावशी, कुठं जाल हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"बघू. कुठं तरी पाठ टेकायला जागा मिळेलच."

काकूंना कोणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं. पण बावीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायला, त्यांना असं बसलेलं बघवेना.

"मी बघते," त्या म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःचाच राग आला.

२

शिंपीमास्तर मशीनमागून उठले नाहीत. उजव्या हातानं चाक फिरवत, तोंडात टाचण्या धरूनच बोलत राहिले.

"दोन्ही पंख काल दुपारीच अस्तर लावून पूर्ण केले मी." डावीकडचे दहा आणि उजवीकडचे दहा, या दोन भागांना ते पंख म्हणत. "चारही बाजूंना मशीन मारली. हातशिलाईचा एक टाका दाखवा, मशीन विकून टाकतो. मधला चौकोन आला की दोन्ही पंखांना जोडायचा, एवढंच राहिलं होतं. बाई साडेपाचला येणार म्हणाल्या, मी पाचलाच निघालो."

"थांबला का नाहीत?"

मास्तरांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "थांबून काय ऐकायचं? माझ्या शिलाईला बाई खडखड म्हणतात. मधला चौकोन मी मागितला होता काकू. मशीनवर भरतकाम करून दिलं असतं. त्या म्हणाल्या, यंत्राला बाजार काय कळणार. हे लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण म्हणून मी चोरी करीन?"

"तुम्हीही शिकलात ना त्यांच्याकडे, लहानपणी?"

"चार महिने. पळून आलो. एक तर गाठ मारायची नाही. सुरुवातीला तीन बारीक टाके एकावर एक घ्यायचे, की दोरा बसला. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ पाहिजे. त्यात बसायचं कसं यालाही कायदा. बाईंच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. समोर बसलं की ओरडायच्या. समोरून पाहून शिकलं की हात उलटा पडतो म्हणे." मास्तर हसले. "मी समोरही बसलो आणि उलटाही पडलो."

तिथून काकू सिस्टरकडे गेल्या. सिस्टर निवृत्त परिचारिका. दवाखान्याचा चौकोन त्यांचा, आणि तो मधे का नाही यावरून समितीच्या तीन बैठका त्यांनी गाजवल्या होत्या.

"मीच सगळ्यात शेवटी निघाले," काकूंनी विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "म्हणजे संशय माझ्यावर, नाही का? पिशवी दाखवली मी अध्यक्षांना. त्यात वांगी होती."

"बाईंनी चौकोन ठेवला तेव्हा तुम्ही तिथंच होता?"

"होते. फडक्यात गुंडाळून आणला, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, आज उघडू नका, उद्या मास्तर आले की उघडा. आणि गेल्या. कोणाला 'येते' सुद्धा नाही." सिस्टर जरा घुटमळल्या. "त्या गेल्यावर मी कोपरा उचलून पाहिला. माणूस आहे मी."

"मग?"

"मग काय. झाकला परत. मावशी मागे उभ्या होत्या, त्यांनीही पाहिला. दहाएक मिनिटांत मी निघाले."

"कसा होता?"

मधला चौकोन हातचा गेला म्हणून तीन बैठका भांडलेल्या सिस्टर आता खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

"मला नको विचारूस," सिस्टर म्हणाल्या. "बाईंनाच विचार."

३

बाई एकट्याच राहत. वय अठ्ठ्याहत्तर. खोलीत एक खाट, एक टेबल, आणि भिंतीवर भरतकामाच्या रिकाम्या गोल चौकटी टांगलेल्या. शेजारीण दोन कप चहा ठेवून गेली. काकूंनी आपला संपवला. बाईंचा तसाच राहिला, वर साय धरेपर्यंत. बाईंचे दोन्ही हात शालीच्या आत होते.

"थंडी वाजते का बाई?"

"वयाला वाजते."

बाईंची एक खोड गावाला ठाऊक होती. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला, प्रत्येकाला त्या अगं-अरे करत. तो शिंपीमास्तर असो की सिस्टर. बाकी सगळ्यांना अहो-जाहो. रफूकाकू त्यांच्याकडे शिकल्या नव्हत्या, रफू त्यांनी सासऱ्यांकडून उचललं होतं. त्यामुळे त्यांनाही अहोच.

"तुम्ही शोधताय असं कळलं," बाई म्हणाल्या. "मिळाला तर आणून द्या. नाही मिळाला तर साधं कापड लावा. लोकांना भिंत झाकल्याशी मतलब."

"असं कसं बाई? सहा महिने खपलात त्यावर."

"आठ." बाई म्हणाल्या. "पूर्वी मी असा चौकोन पाच आठवड्यांत संपवला असता. दमायला होतं हो आता. सकाळी उठतानाच दमलेली असते मी."

काकूंना हे इतकं कळलं की त्यांना पुढचं विचारवेना. तरी त्यांनी विचारलं, "कोणाला तो नकोसा झाला असेल, काही अंदाज?"

"ज्यानं उचलला त्यानं आधी पाहिला असणार, एवढं नक्की," बाई म्हणाल्या. "जरा त्या सुईत दोरा ओवून ठेवता का जाताना? ती टेबलावरची. शेजारणीला दिसत नाही."

काकूंनी एक डोळा मिटून दोरा ओवला. सुई बाईंच्या हातात द्यायला गेल्या, तर बाईंनी मानेनंच उशीकडे खूण केली. हात काही शालीबाहेर आले नाहीत.

रस्त्याला लागल्यावर काकूंच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. बाईंनीच तर नेला नसेल? स्वतःचीच वस्तू, स्वतःच ठेवलेली. पण किल्ली? आणि नेला असेल, तर मावशींच्या डोक्यावर छप्पर राहतं की जातं, हे बघत त्या गप्प बसतील?

४

चारच्या सुमाराला काकू सभागृहात परतल्या. साधं कापड बसवायचं तर माप घ्यायला हवं होतं. दोन्ही पंख भिंतीलगतच्या लाकडी दांड्यांवर टांगले होते. काकू पायरीवर बसल्या आणि नुसत्याच बघत राहिल्या, कारण उठायचा कंटाळा आला होता.

त्या कंटाळ्यानंच काम केलं. पाच मिनिटं एकाच जागी नजर लावून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की डावा पंख सरळ पडत नाही. उजवा पंख इस्त्री केल्यासारखा. डाव्याला खाली, बेकरी आणि लाँड्रीच्या मागे, जेवून उठलेल्या माणसासारखं पोट आलं होतं.

उठून त्यांनी तळवा फिरवला. लाँड्रीच्या मागे कापड आणि अस्तर यांच्यामधे आणखी काहीतरी होतं. सपाट, जाड, भरतकामानं खरखरीत.

गावभर शोधलेला चौकोन चादरीतच होता.

काकूंनी पंख दांड्यावरून उतरवून टेबलावर पालथा घातला. अस्तराच्या तीन बाजूंना मास्तरांची मशीन, मुंगळ्यांच्या रांगेसारखी. खालच्या बाजूला मात्र दोन हातभर मशीनचे टाके उसवलेले आणि तिथं हातानं तुरपाई घातलेली. दोऱ्याचा रंग अस्तराशी इतका जुळवलेला, की भिंग लावल्याशिवाय दिसू नये. काकूंनी भिंग लावलं.

कडेचे चार टाके सोडवून त्यांनी आतल्या चौकोनाचा कोपरा ओढून पाहिला. बाईंचं काम त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. रेषा थरथरत होत्या. टाके कुठे लांब, कुठे आखूड, कुठे एकमेकांवर चढलेले. दुकानाचं छप्पर नदीसारखं वाकडंतिकडं गेलं होतं. शालीतले हात, न प्यालेला चहा, सिस्टरचं तोंड फिरवणं, सगळ्याचा उलगडा झाला. कोणीतरी हे लपवलं होतं, कारण रविवारी गाव हसलं असतं.

मग बाईच? काकूंनी पुन्हा तुरपाईवर भिंग धरलं. नाही. हा टाका बारीक आणि एकसारखा, तांदळाच्या कणीएवढा. थरथरता हात असं शिवूच शकत नाही. सुरुवातीला गाठ नव्हती, तीन टाके एकावर एक. म्हणजे बाईंचीच पद्धत, पण बाईंचा हात नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती. तुरपाईचे टाके तिरपे पडतात. उजव्या हातानं शिवणाऱ्याचे एका बाजूला झुकतात, डावखुऱ्याचे दुसऱ्या. कापड गोल फिरवा, खालचं वर करा, तो कल काही बदलत नाही. काकूंनी तीनदा पाहिलं, एकदा धुकं असलेल्या डोळ्यानं सुद्धा.

टाका डाव्या हाताचा होता.

५

काकूंनी चार टाके परत घातले, पंख दांड्यावर चढवला आणि कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. अध्यक्षांना मात्र निरोप पाठवला, की सगळ्यांना पाच वाजता बोलवा, कात्र्या कोणाकोणाच्या आहेत ते लिहून घ्यायचंय.

सगळे आले. अध्यक्षांनी लिहिलं, मास्तरांनी लिहिलं, सिस्टरनी लिहिलं. तिघांनीही उजव्या हातानं. बेकरीचा चौकोन भरणारी बेकरीवाली आणि लाँड्रीवाला, चादरीवर काम केलेले बाकीचे, एकेक करून येऊन गेले. उजवा, उजवा, उजवा. किल्लीमावशींनी सगळ्यांना चहा ओतला, उजव्या हातानं, मग उजव्या हातानं टेबल पुसलं.

"आपल्यात डावखुरं कोणी होतं का हो?" काकूंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"कोणी नाही," सिस्टर म्हणाल्या. "असतं तर बाईंनी लक्षात ठेवलं असतं. का गं?"

"काही नाही. कात्री डावखुऱ्याची वेगळी असते ना."

सगळे गेले. अध्यक्ष जाताना घड्याळावर बोट आपटून गेले. सुतावरून स्वर्ग गाठायला निघालेल्या काकू होत्या तिथंच राहिल्या. डावखुरं कोणी नाही, आणि टाका डाव्या हाताचा. शिवाय उसवायला आणि एवढी तुरपाई घालायला सराईत हाताला सुद्धा तासभर हवा. मास्तर पाचला गेलेले, चौकोन आला साडेपाचला, सिस्टर सहाच्या आत घरी. म्हणजे हे झालं कुलूप लागल्यानंतर. किल्ली एकीकडेच. पण तिला तर बटण लावता येत नव्हतं.

पाय दुखायला लागले म्हणून त्या जवळच्या स्टुलावर टेकल्या. दाराशेजारचं, मावशींचं स्टूल. समोर भरतकामाचं लांब टेबल, टेबलापलीकडे बाईंची खुर्ची, पाठीमागे खिडकी. इथं भरणाऱ्या वर्गात बाकीचे सगळे बाईंच्या दोन्ही अंगांना बसत, खांद्याला खांदा लावून. त्यांच्या अगदी समोर बसायची परवानगी कोणालाच नव्हती. समोर होतं ते फक्त हे स्टूल.

काकूंनी रिकाम्या खुर्चीत बाईंना बसवून पाहिलं. बाईंच्या उजव्या हातात सुई. इथून बघणाऱ्याला ती आपल्या डाव्या हाताच्या बाजूला दिसणार, आरशात दिसावी तशी. समोरून पाहून शिकलं की हात उलटा पडतो.

आणि त्या लोंबणाऱ्या बटणाची आठवण आली. ते काकूंनी लावलंच नव्हतं.

त्यांना क्षणभर वाटलं, भिंग नदीत फेकून द्यावं. त्या ज्यांना वाचवायला निघाल्या होत्या, त्यांच्याच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

६

मावशींच्या खोलीत ट्रंक अजून उघडीच होती. कपडे परत घडी घालून ठेवायचं त्यांच्यानं झालं नसावं.

"स्वेटर बघू जरा," काकू म्हणाल्या.

मावशींनी काढून दिला. काकूंनी बटण उलटून पाहिलं. मागे गाठ नव्हती. तीन बारीक टाके, एकावर एक.

"किती वर्षं?"

मावशी खाटेवर बसल्या. नाकारण्याचं त्राण त्यांच्यातही नव्हतं. "सोळा असतील. आधी नुसतीच बघायची. मग खोलीत येऊन जुन्या फडक्यावर करायची. मला वाटलं सुई त्याच हातात धरतात. बाकी सगळं उजव्यानं येतं मला, फक्त सुई डाव्यात. एकदा उजव्यात धरून बघितली तर खरंच बोट टोचलं."

"सांगितलं का नाहीत कधी?"

"झाडूवाल्या बाईनं काय सांगायचं? बाई म्हणाल्या असत्या, फी भरून बसा."

"नसत्या म्हणाल्या."

"आता कळून काय उपयोग." मावशींनी हात चोळले. "काल सिस्टरनी कोपरा उचलला. मी मागून पाहिलं. सिस्टर बोलल्या काहीच नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहिला मी. सोळा वर्षं ज्या हाताकडे बघत जगले, काकू, त्या हाताला कोणी हसलेलं मला बघवलं नसतं. अध्यक्षांनी माईकवरून काहीतरी विनोद केला असता. म्हणून ठेवला आत. खोलीत आणला नाही, बाहेर नेला नाही. चादरीतला आहे, चादरीतच राहू दे म्हटलं. पाच-पन्नास वर्षांनी कोणी उसवलं तर सापडेल."

"आणि खोली गेली तर?"

"जाऊ दे. बाईंचं नाव तर राहील."

काकूंनी स्वेटर घडी घालून परत दिला. खरं सांगावं तर मावशी गेल्या. गप्प बसावं तरी मावशी गेल्याच, आणि बाईंचे आठ महिने अस्तरात कायमचे गाडले गेले. चाळीस वर्षांत इतकं वाईट फाटलेलं कापड त्यांच्या हाती आलं नव्हतं. दोन्ही कडा एकमेकींवर माया करणाऱ्या, आणि मधे भोक.

"उद्या सकाळी नऊला सभागृह उघडा," त्या म्हणाल्या. "मी बाईंना घेऊन येते."

"नको हो काकू. त्यांना नका सांगू."

"त्यांचा चौकोन आहे मावशी. तो लपवायचा की दाखवायचा, हे तुम्ही कोण ठरवणार? आणि मी तरी कोण?"

७

शनिवारी सकाळी बाई आल्या, काकूंच्या दंडाला धरून, पावला-पावलाला थांबत. काकूंनी वाटेत सगळं सांगितलं होतं. 

सभागृहात अध्यक्ष आधीच हजर. बारा वाजायची वाट बघायचाही धीर नसावा. मावशींनी किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली होती. काकूंनी डावा पंख पालथा घालून तुरपाई उसवली आणि चौकोन बाहेर काढला.

"अरे," अध्यक्ष म्हणाले. "इथं कसा?"

"मीच ठेवायला सांगितला होता," बाई म्हणाल्या. "टेबलावर धूळ बसते. मावशींना म्हटलं, अस्तरात घाला."

"मग कालच सांगायचं ना बाई. केवढा घोळ झाला."

"तुम्ही मला विचारलंत? तुम्ही त्यांची ट्रंक उपसत होता."

बाई खोटं बोलताना काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्या खोट्याची मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ होती. अध्यक्षांनी चष्मा लावला, काढला, चौकोनाकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला गेले आणि बाईंच्या नजरेनं थांबले. "असो, मिळाला ना," म्हणत ते बाहेर पडले. किल्ली टेबलावरच राहिली. ती काकूंनी उचलून मावशींच्या हातात कोंबली.

मग बाईंनी शालीतून हात बाहेर काढले. ते थरथरत होते, थांबतच नव्हते. त्यांनी ते मावशींच्या समोर टेबलावर ठेवले.

"मला माहीत नव्हतं का, की वाकडं झालंय?" त्या म्हणाल्या. "डोळे शाबूत आहेत माझे. प्रत्येक टाका बघत घातलाय. वर्षभर लपवत होते मी हे हात, शेवटी त्याचाही कंटाळा आला. म्हटलं, लावूनच टाकावं भिंतीवर. हसतील ते हसतील. आणि तुम्ही तेच लपवून ठेवलंत. माझं शेवटचं काम आहे हो ते."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चुकलं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

"पूर्ण पाहिलात तरी का? की नुसता कोपरा बघूनच घाबरलात?"

मावशींनी मान हलवली. शिवताना त्यांनी तो पालथाच धरला होता, सुलटा पाहायची छाती झाली नव्हती. काकूंनी चौकोन टेबलावर पसरला. बाजारचौक, वाकडी छपरं, कलंडलेलं घड्याळ, भाजीच्या पाट्या, माणसांची गर्दी. सगळं थरथरतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे गर्दी खरंच हलल्यासारखी वाटत होती. उजव्या कोपऱ्यात सभागृहाचं दार होतं. दारात स्टूल, आणि स्टुलावर एक बाई, कमरेला पिवळ्या दोऱ्याची किल्ली. तिच्या मांडीवर पांढरं कापड होतं आणि डाव्या हातात रुपेरी दोऱ्याचा एकच टाका.

मावशींनी तो टाका बोटानं चाचपून पाहिला. "सुई?"

"समोर बसलेलं माणूस मला दिसत नाही का?" बाई म्हणाल्या. "मांडीवर फडकं घेऊन, टेबलाआड. मी वाट बघत होते, आज विचारेल, उद्या विचारेल. विचारलंच नाही. मग मीही विचारलं नाही, ती चूक माझी."

 काकूंनी चष्मा पुसला, त्याला धूळ नसताना.

"आता हा दोन्ही पंखांना जोडायचा," बाई म्हणाल्या. "मास्तरला सांगा, मशीन आणू नकोस. माझ्यानं होणार नाही. या काकूंचा एक डोळा गेलाय." त्यांनी आपल्या खुर्चीशेजारची खुर्ची थरथरत्या हातानं जराशी मागे ओढली. "समोर बसून खूप झालं. ये, शेजारी बस."

मावशी जागच्या हलेनात. तेव्हा काकूंनीच त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, दोरा ओवून सुई पुढे केली. मावशींनी सवयीनं डावा हात पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला आणि उजवा उचलला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "त्याच हातात राहू दे. आधी तीन बारीक टाके घे, एकावर एक."